वजन आणि मोल : हवाई मालवाहतुकीतील मौल्यवान वस्तूंच्या जबाबदारीचा इतिहास

हवाई वाहतुकीचा इतिहास बहुधा विमाने, वैमानिक आणि विक्रम ह्यांच्या अनुषंगाने लिहिला जातो. त्या इतिहासाचा एक भाग मात्र कागदपत्रांत आहे. सोने, जडजवाहीर, नाणी, दुर्मीळ धातू अशा वस्तू विमानाने परदेशी पाठविताना त्यांच्यासोबत एक चिठ्ठी जाते. वाटेत माल नाहीसा झाला तर किती भरपाई मिळावी, हे त्या चिठ्ठीवरील एका रकान्यात काय लिहिले आहे, किंवा काय लिहिलेले नाही, ह्यावर ठरते. गेल्या शतकात ह्या रकान्याभोवती आंतरराष्ट्रीय करार, न्यायनिवाडे आणि भाषांतरे ह्यांचे जे जाळे विणले गेले, त्याचा आढावा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. कायदा येथे मालाचे वजन मोजतो. व्यापाऱ्याला चिंता असते ती मोलाची. ह्या दोहोंतील अंतर कसे निर्माण झाले व कसे वाढत गेले, हा ह्या विवेचनाचा मुख्य प्रश्न आहे.

१. विमानापूर्वीची व्यवस्था

मौल्यवान मालाची जबाबदारी हा प्रश्न विमानाने जन्माला घातलेला नाही. मराठी व्यापारी परिभाषेतील ‘हुंडेकरी’ हा शब्द ह्या दृष्टीने बोलका आहे. ठरीव रकमेत माल आणि त्यावरील जकाती ह्यांची जबाबदारी अंगावर घेऊन तो मुक्कामी पोचविणारा तो हुंडेकरी. त्याच परिभाषेत ‘जोखीम’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत : एक, धोका, दुसरा, दागदागिने किंवा रोकड ह्यांसारखी मौल्यवान वस्तू. ‘अंगावर जोखीम आहे’ असे म्हणणारा प्रवासी संकटाविषयी बोलत नसतो, गळ्यातील दागिन्याविषयी बोलत असतो. शेजारीच ‘जोखणे’, म्हणजे वजन करणे, हे क्रियापद आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द एक मानण्याचे कारण नाही. परंतु वजन, मोल आणि धोका ह्या तीन कल्पना व्यापाऱ्याच्या मनात किती निकट वावरतात, हे त्यांवरून दिसून येते.

इंग्रजी कायद्याने ह्या तिघांचा मेळ पुढील रीतीने घातला. सार्वजनिक वाहक हा मालाच्या नुकसानीस जवळजवळ विमेदाराप्रमाणे जबाबदार असे. ह्याचा अर्थ असा की, लहानशा पुडक्यात हिरे भरून ते साध्या भाड्यात पाठविणारा मनुष्य वाहकावर नकळत मोठा बोजा टाकू शके. म्हणून १८३० च्या ब्रिटिश कायद्याने १० पौंडांहून अधिक किमतीचे सोने, चांदी, रत्ने, घड्याळे, रेशीम इत्यादी वस्तूंच्या बाबतीत पाठविणाऱ्याने किंमत सांगितलीच पाहिजे, असा नियम केला. हिंदुस्थानात १८६५ च्या वाहकांविषयीच्या कायद्याने तोच मार्ग पत्करला. मर्यादा १०० रुपयांची होती, आणि परिशिष्टातील यादीत सोन्या-रुप्याची नाणी, मोती व रत्ने ह्यांच्या जोडीला हुंड्या, शाली, रेशीम व भरजरी वस्त्रे ह्यांचाही समावेश होता. किंमत सांगितली नाही तर वाहकाची जबाबदारी नाही. सांगितली तर त्याने जास्त भाडे घ्यावे व पूर्ण जबाबदारी पत्करावी. हा कायदा २००७ च्या रस्तावाहतुकीच्या कायद्याने रद्द होईपर्यंत पुस्तकात होता.

टपालखात्यानेही हेच तत्त्व मान्य केले होते. जाहीर किमतीच्या पत्रांसंबंधी आंतरराष्ट्रीय टपालसंघाने १८७८ मध्ये स्वतंत्र व्यवस्था केली. सारांश, विमान अवतरण्यापूर्वीच्या दोन्ही व्यवस्थांमध्ये प्रमाण मोलाचे होते. वजनाचा उपयोग भाडे आकारण्यापुरता होता.

२. हलका आणि महाग माल

विमानाने वाहिलेला पहिला व्यापारी माल महाग होता, ही गोष्ट आकस्मिक नव्हे. ७ नोव्हेंबर १९१० रोजी राइट बंधूंच्या एका विमानाने अमेरिकेतील डेटन येथून कोलंबसला रेशमाचे कापड नेले. त्या उड्डाणाचा हेतू मुख्यतः जाहिरातीचा होता. तरीही ह्या वाहनाला कोणता माल परवडेल, हे त्यावरून ध्यानात आले. जो माल वजनाने थोडा, मोलाने फार आणि वेळेच्या बाबतीत अधीर, तोच विमानाचा खरा माल होय.

सोन्याला ही तिन्ही लक्षणे लागू पडतात. प्रवासात असलेल्या सोन्यावर व्याज मिळत नाही. जितके दिवस ते जहाजात किंवा आगगाडीत अडकते तितक्या दिवसांचे व्याज बुडते. शिवाय वाट जितकी लांब व हात जितके अधिक, तितका विम्याचा हप्ता जड. १९१९ मध्ये लंडन–पॅरिस ही दैनंदिन हवाई सेवा सुरू झाल्यानंतर युरोपातील बँकांनी सोने विमानाने पाठविण्यास सुरुवात केली, ती ह्या हिशेबानेच. ह्याच काळात हिंदुस्थानही ह्या जाळ्यात आला. १९२९ मध्ये लंडन–कराची सेवा सुरू झाली आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ह्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणून तिला मुंबईचा सांधा जोडला.

परंतु विमानाच्या वेगाने धोका नाहीसा झाला नाही. त्याचे स्थान मात्र बदलले. आकाशात सोने सुरक्षित होते. धोका होता तो जमिनीवर, गोदामात. ६ मार्च १९३५ रोजी लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरील तिजोरीच्या खोलीतून सुमारे २१,००० पौंडांचे सोने चोरीस गेले. ह्या सोन्यासंबंधीचा बँकेचा दावा १९३६ मध्ये न्यायालयात आला, तेव्हा चोरी कशी झाली ह्याबरोबरच सोबतच्या चिठ्ठीवर कोणते विधान छापलेले होते, ह्याचाही कीस काढावा लागला. कारण दरम्यान वॉर्सा करार अमलात आला होता.

३. वॉर्सा करार

१२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे सही झालेला आणि १३ फेब्रुवारी १९३३ पासून अमलात आलेला हा करार आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या कायद्याचा पाया होय. ब्रिटनने १९३२ मध्ये आणि हिंदुस्थानाने १९३४ मध्ये त्याला अनुसरून कायदे केले. कराराचे स्वरूप देवाणघेवाणीचे होते. माल हरवला किंवा खराब झाला तर दोष वाहकाचा, असे गृहीत धरण्यात आले. नुकसान टाळण्यासाठी आवश्यक ते सर्व उपाय आपण योजले होते, हे त्याने सिद्ध करावयाचे. ह्याच्या मोबदल्यात त्याच्या जबाबदारीला मर्यादा घालण्यात आली. हवाई कंपन्या त्या काळी बाल्यावस्थेत होत्या. एका अपघाताने एखादी कंपनी बुडू नये, ही चिंता त्यामागे होती.

मालाच्या बाबतीत ही मर्यादा दर किलोग्रॅमला २५० फ्रँक इतकी ठरली. हा फ्रँक म्हणजे ९०० प्रतिहजार शुद्धतेचे ६५.५ मिलिग्रॅम सोने, अशी व्याख्या करारातच होती. चलनांची किंमत चढते-उतरते, सोन्याची स्थिर राहते, हा तत्कालीन विश्वास त्यात प्रतिबिंबित झाला आहे. हिशेब केला असता २५० फ्रँकांत १४.७४ ग्रॅम शुद्ध सोने भरते. म्हणजे, एक किलो कापूस हरवला काय किंवा एक किलो सोने हरवले काय, वाहक देणे लागतो ते १४.७४ ग्रॅम सोन्याइतके. कापसाच्या धन्याला ही रक्कम नुकसानीहून किती तरी मोठी आहे. सोन्याच्या धन्याला ती दीड टक्क्याहूनही कमी आहे. ज्या कायद्याने सोन्याला मापदंड मानले, त्याच कायद्याने सोन्याचे मोल वजनात बुडविले, हा विरोधाभास लक्षणीय आहे.

कराराने ह्यातून एक वाट मोकळी ठेवली होती. पाठविणाऱ्याने माल स्वाधीन करताना विशेष निवेदन केले आणि आवश्यक तेथे जादा रक्कम भरली, तर वाहक त्या निवेदित रकमेपर्यंत जबाबदार राहील. १८६५ च्या कायद्याचे तत्त्व येथे टिकून होते. फक्त त्याची जागा बदलली होती. तेथे निवेदन हे मौल्यवान मालासाठी सक्तीचे होते, येथे ते ऐच्छिक झाले. आणि ऐच्छिक गोष्ट ज्याला ठाऊक नसते, त्याच्यासाठी ती नसल्यासारखीच असते.

४. भाषांतराचे परिणाम

वॉर्सा कराराचा अधिकृत पाठ केवळ फ्रेंच भाषेत होता. इंग्रजी जाणणाऱ्या देशांनी भाषांतरावर काम चालविले, आणि मौल्यवान मालाशी निगडित असलेल्या तीन ठिकाणी त्या भाषांतराने वेगवेगळे रस्ते धरले.

पहिले स्थळ चिठ्ठीच्या नावाचे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘हवाई वाहतुकीचे पत्र’ असा आहे. ब्रिटिश भाषांतराने त्याला ‘एअर कन्साइन्मेंट नोट’ म्हटले, अमेरिकन भाषांतराने ‘एअर वे-बिल’. १९५५ च्या हेग येथील दुरुस्तीच्या इंग्रजी पाठाने दुसरा शब्द पसंत केला आणि आज मुंबईच्या बाजारातही तोच रूढ आहे. हा भेद नावापुरताच आहे. त्याने कोणाचे नुकसान झाले नाही.

दुसरे स्थळ अधिक महत्त्वाचे आहे. विशेष निवेदन कशाचे करावयाचे? फ्रेंच पाठ म्हणतो, ‘माल पोचण्यातील हितसंबंधाचे’. १९३२ च्या ब्रिटिश कायद्यात आणि त्याच्याच वळणावर तयार झालेल्या १९३४ च्या भारतीय कायद्यात ह्या जागी ‘पोचतेवेळच्या किमतीचे’ अशा अर्थाचे शब्द आले. हितसंबंध आणि किंमत ह्या एकच गोष्टी नव्हेत. प्रदर्शनासाठी पाठविलेला रत्नहार प्रदर्शन संपल्यावर पोचला तर त्याची बाजारातील किंमत अबाधित राहते. पाठविणाऱ्याचे हित मात्र बुडते. उलट, हरवलेल्या नमुन्याची किंमत क्षुल्लक असून त्यावर मोठा सौदा अवलंबून असू शकतो. ‘किंमत’ ह्या शब्दाने निवेदनाचा व्याप बाजारभावापुरता आकुंचित केला. हेगच्या इंग्रजी पाठाने ‘हितसंबंध’ हा शब्द पुन्हा आणला. परंतु छापील चिठ्ठीवरील रकान्याचे शीर्षक ‘वाहतुकीसाठी निवेदित मूल्य’ असेच चालत राहिले. व्यापारी कायदा वाचत नाही, रकाना वाचतो. त्यामुळे व्यवहारात जुन्या शब्दाचाच अंमल टिकला.

तिसरे स्थळ ‘दोल’ ह्या फ्रेंच संज्ञेचे. वाहकाने ‘दोल’ केला असेल तर मर्यादा लागू नाही, असे कराराचे पंचविसावे कलम सांगते. ‘दोल’मध्ये हेतुपूर्वक केलेल्या अपकृत्याचा भाव आहे. इंग्रजी भाषांतराने त्यासाठी ‘विलफुल मिसकंडक्ट’ हा देशी कायद्यातील शब्द घेतला, ज्याचा आवाका अधिक विस्तृत आहे : परिणामांची पर्वा न करता जाणूनबुजून केलेले गैरवर्तनही त्यात येते. हेग येथे दोन्ही संज्ञा बाजूला ठेवून, नुकसान करण्याचा हेतू किंवा नुकसान होण्याचा संभव जाणून केलेला बेदरकारपणा, असे वर्णनच कलमात घालण्यात आले. शब्दाऐवजी व्याख्या देणे, हा भाषांतराच्या पेचावरील जुना आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक उपाय होय.

ह्या कलमाचे महत्त्व चोरीच्या खटल्यांत दिसून आले. दक्षिण आफ्रिकेतून लंडनमार्गे अमेरिकेस निघालेली प्लॅटिनमची पेटी हीथ्रो येथे विमानात माल चढविताना नाहीशी झाली. त्या खटल्यात इंग्रजी न्यायालयांनी १९७७ व १९७९ मध्ये असा निर्णय दिला की, माल चढविणाऱ्या नोकराने चोरी केली तर ते वाहकाच्या कामाच्या कक्षेतीलच गैरवर्तन होय. सबब वजनाची मर्यादा लागू नाही. मोलाच्या बाजूने उघडलेले हे एक दार होते.

५. सोन्याचा मापदंड ढळतो

दरम्यान कराराचा पायाच हलला होता. सोन्याचा सरकारी भाव औंसाला ३५ डॉलर असेपर्यंत २५० फ्रँकांचे डॉलरमध्ये रूपांतर करणे सोपे होते. १९६८ मध्ये सरकारी व खुला असे दोन भाव झाले. अमेरिकेने सरकारी भाव १९७२ मध्ये ३८ आणि १९७३ मध्ये ४२.२२ डॉलरवर नेला. आणि १ एप्रिल १९७८ पासून आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या व्यवस्थेतून सोन्याचा सरकारी भाव संपुष्टात आला. आता २५० फ्रँक म्हणजे किती, ह्या प्रश्नाला एक उत्तर उरले नाही.

हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे फ्रँकलिन मिंट ह्या कंपनीच्या दाव्यात आला. २३ मार्च १९७९ रोजी तिने ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्समार्फत फिलाडेल्फियाहून लंडनला नाण्यांशी संबंधित माल असलेली ७१४ पौंड वजनाची चार पार्सले पाठविली होती. ती हरवली. कंपनीने २,५०,००० डॉलर मागितले. परंतु विशेष निवेदन तिने केले नव्हते. मर्यादा सोन्याच्या शेवटच्या सरकारी भावाने मोजावी, खुल्या भावाने, नाणेनिधीच्या विशेष आहरण अधिकारांनी, की चालू फ्रेंच फ्रँकने, असे चार पर्याय मांडले गेले. कनिष्ठ अपील न्यायालयाने तर ही मर्यादा यापुढे अमेरिकेत अंमलबजावणीस अयोग्य आहे असे म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १७ एप्रिल १९८४ रोजी पहिला पर्याय उचलून धरला : पौंडाला ९.०७ डॉलर. भरपाई झाली ६,४७५ डॉलर ९८ सेंट. करारकर्त्यांनी सोने निवडले ते स्थैर्यासाठी, तेव्हा सोनेच अस्थिर झाल्यावर त्यामागे धावणे कराराच्या हेतूशी विसंगत ठरेल, अशी न्यायालयाची विचारसरणी होती. एका न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदविले.

ह्या निर्णयाचे समर्थन करता येईल. पण त्याचा परिणामही स्पष्ट पाहिला पाहिजे. येथून पुढे मर्यादेचा आणि सोन्याचा संबंध तुटला.

६. माँट्रियल आणि त्यानंतर

१९७५ च्या माँट्रियल येथील चौथ्या पूरक कराराने मालासाठी दर किलोस १७ विशेष आहरण अधिकार ही मर्यादा घातली. तो करार १९९८ मध्ये अमलात आला. २८ मे १९९९ च्या माँट्रियल कराराने तीच मर्यादा स्वीकारली. हा करार २००३ मध्ये अमलात आला आणि २००९ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याचे पाठ सहा भाषांत सारखेच अधिकृत आहेत. त्यामुळे एका भाषेतील शब्दावर सर्वांनी अडून राहण्याचा प्रसंग टळला. चलनवाढीनुसार मर्यादेचा ठराविक काळाने फेरविचार करण्याची तरतूदही त्यात आहे. तदनुसार मर्यादा २००९ अखेर १९, २०१९ अखेर २२ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून २६ अशी वाढत गेली.

तथापि ह्या सुधारणेत एक दार बंद झाले. मालाच्या बाबतीत ही मर्यादा आता अभेद्य आहे. वाहकाच्या नोकराने जाणूनबुजून अपकृत्य केले, तरी ती ओलांडता येत नाही. प्लॅटिनमच्या खटल्यातील युक्तिवादाला येथे थारा उरला नाही. दाव्यांचा निकाल त्वरित लागावा आणि विम्याचा हिशेब निश्चित राहावा, हा त्यामागील हेतू होय. आणि मोठ्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने तो अयोग्य नाही.

ह्या व्यवस्थेची कसोटी १७ एप्रिल २०२३ च्या घटनेने लागली. त्या दिवशी झुरिचहून एअर कॅनडाच्या विमानाने सुमारे ४०० किलो सोने टोरांटोला उतरले. त्याची किंमत दोन कोटी कॅनडियन डॉलरहून अधिक होती. काही तासांत एका इसमाने गोदामात बनावट चिठ्ठी दाखवून ते उचलून नेले. ती चिठ्ठी वस्तुतः समुद्री खाद्याच्या एका मालाची होती. सोने पाठविण्याचे काम पाहणाऱ्या ब्रिंक्स ह्या कंपनीने दावा लावला, तेव्हा चिठ्ठीवर मूल्याचे निवेदन नव्हते, सबब कराराची मर्यादा लागू होते, असा बचाव विमानकंपनीने घेतला. त्या वेळच्या २२ ह्या दराने ४०० किलोंची मर्यादा ८,८०० विशेष आहरण अधिकार, म्हणजे सुमारे बारा हजार अमेरिकन डॉलर होते. वॉर्सा कराराच्या मूळ मापाने हेच गणित मांडले तर ५.९ किलो सोने आले असते. २०२३ च्या मापाने ते दोनशे ग्रॅमहून कमी भरते. चौऱ्याण्णव वर्षांत एक किलो सोन्यामागील हमी १४.७४ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्या आत आली.

७. तीन मूल्ये आणि एक मौन

आज प्रचलित असलेल्या चिठ्ठीवर मूल्यासंबंधी तीन रकाने असतात : वाहतुकीसाठी मूल्य, सीमाशुल्कासाठी मूल्य आणि विम्याची रक्कम. तिन्ही आकडे एकाच मालाचे, तरीही ते वेगळे असू शकतात. पहिल्या रकान्यात बहुसंख्य पाठविणारे ‘एन. व्ही. डी.’, म्हणजे ‘मूल्य निवेदित नाही’, एवढीच तीन अक्षरे लिहितात. त्यामागे व्यापारी हिशेब आहे. निवेदनाबद्दल विमानकंपनी जो जादा आकार घेते, त्यापेक्षा स्वतंत्र विमा सामान्यतः स्वस्त पडतो. शिवाय कागदावर मोल लिहिणे म्हणजे गोदामातील प्रत्येक हाताला ते कळविणे. विमा उतरविला असेल तर विमाकंपनी भरपाई देते आणि मग पाठविणाऱ्याच्या जागी उभी राहून वाहकाशी भांडते. अशा रीतीने मर्यादेचा खरा भार विमेदारांच्या आपापसांतील हिशेबात विरून जातो.

मुंबईच्या हिरेबाजाराचे जग हे ह्या जाणत्यांचे जग आहे. अँटवर्पसारख्या केंद्रांतून कच्चे हिरे विमानाने येतात, सुरतेत पैलू पाडले जातात आणि पुन्हा विमानानेच बाहेर जातात. २०१० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालेल्या भारत डायमंड बोर्समध्ये मौल्यवान मालाच्या सीमाशुल्क तपासणीची सोय आहे. तेथील व्यापाऱ्याला ती तीन अक्षरे लिहिताना आपण काय सोडून देत आहोत, हे ठाऊक असते. परंतु हुपरीच्या चांदीकामासारखा पाच किलोंचा माल परदेशी ग्राहकाला प्रथमच पाठविणाऱ्या कारागिराला ते ठाऊक असेलच असे नाही. त्याने विमा उतरविला नाही आणि रकाना कोरा सोडला, तर लाखांच्या घरातील मालाची कमाल भरपाई १३० विशेष आहरण अधिकार, २०२५ च्या दराने साधारण पंधरा हजार रुपये होते. त्याचे मौन हे कायद्याच्या दृष्टीने संमती ठरते.

चिठ्ठीच नाहीशी झाली तर काय होते, ह्याचे उदाहरण आल्प्समध्ये आहे. एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी आणि ‘कांचनजंगा’ २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळली. दुसऱ्या अपघातात डॉ. होमी भाभा ह्यांच्यासह ११७ जण मृत्युमुखी पडले. २०१३ मध्ये तेथील बोसाँ हिमनदीवर एका गिर्यारोहकाला पाचू, माणके व नीलमणी असलेली पेटी सापडली. ती ह्या दोहोंपैकी एका विमानातील, बहुधा दुसऱ्या, असावी असे मानले जाते. आठ वर्षे धन्याचा शोध लागला नाही. २०२१ मध्ये सुमारे तीन लाख युरोंची ती रत्ने सापडविणारा आणि शामोनी गाव ह्यांच्यात निम्मी-निम्मी वाटण्यात आली. वॉर्सा करारान्वये भरपाईचा हक्क दोन वर्षांतच मावळलेला होता. रत्नांचे वजन घटले नाही आणि मोलही टिकले. नाहीसे झाले ते त्यांना धन्याशी बांधणारे लिखित.

समारोप

वरील इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, वजनाची मर्यादा ही कायद्यातील चूक नाही. बहुसंख्य मालासाठी ती पुरेशी आणि सोयीची आहे. मौल्यवान मालासाठी तिच्याशेजारी निवेदनाचा मार्ग प्रथमपासून होता व आजही आहे. दुसरी, १८६५ चा कायदा पाठविणाऱ्याला बोलावयास भाग पाडीत असे. १९२९ नंतरच्या करारांनी त्याला गप्प राहण्याची मुभा दिली, आणि १९७५ नंतर त्या मौनाची किंमत अटळ केली. म्हणून निवेदनाच्या रकान्याचा अर्थ पाठविणाऱ्याला त्याच्या भाषेत, माल स्वाधीन करण्यापूर्वी सांगितला जाणे, ही ह्या व्यवस्थेच्या न्याय्यतेची अट आहे. हुंडेकऱ्याच्या पेढीवर हे बोलणे तोंडी होत असे. छापील चिठ्ठीने ते रकान्यात बंद केले. तो रकाना वाचता येणे हा आता व्यापाराच्या विद्येचा भाग झाला आहे.